मनोऱ्यांच्या पोटातली गावं : शेन्झेनची छोटी सहल

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईलची फुटलेली काच बदलून घेताना ती काच कुठून आली, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा तिचा प्रवास दक्षिण चीनमधल्या शेन्झेन या शहरातून झालेला असतो. खेडोपाडी विकला जाणारा आयटेल फोन शेन्झेनमध्ये मुख्यालय असलेल्या ट्रान्शन कंपनीचा. हुआवे, व्हीचॅटवाली टेनसेंट, ड्रोन बनवणारी डीजेआय, विजेच्या गाड्यांची बीवायडी या साऱ्यांचं घर हेच शहर. जळगावशेजारच्या आमच्या असोद्याच्या शेतकऱ्याच्या खिशात शेन्झेन केव्हाच येऊन बसलं आहे. तो शेन्झेनला गेला नाही, एवढंच.

खरं तर जाण्यासारखं हे शहर आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस काढून जाता येईल इतकं जवळही. पण ते पाहायचं कसं, हा प्रश्न आहे. काचेचे मनोरे, रात्रीची रोषणाई आणि चालकाविना धावणाऱ्या मोटारी पाहून ‘बाप रे, केवढी प्रगती!’ म्हणत परतणारे पुष्कळ. आमच्यासारख्या, शहराच्या वेशीला टेकलेल्या गावच्या माणसाने मात्र तिथे दुसरंच काही शोधावं. ज्या गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्या गावांचं काय झालं? गंमत म्हणजे त्यातली पुष्कळ गावं आजही तिथेच आहेत, मनोऱ्यांच्या मधोमध.

कोळ्यांची वाडी? तेवढंच नव्हे

शेन्झेनची गोष्ट सांगताना ‘चाळीस वर्षांपूर्वी इथे मासेमारांची एक वाडी होती’ असं सुरू करायची रीत पडली आहे. ऐकायला छान वाटतं, पण ते अपुरं आहे. १९७९मध्ये शेन्झेन शहर जाहीर झालं तेव्हा त्या जागी बाओआन नावाचा एक अख्खा परगणा होता आणि त्याची वस्ती तीन लाखांहून थोडी अधिक होती. म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या, साडेचार लाखांवर गेलेल्या जळगाव शहरापेक्षा कमी. तिथे भातशेती होती, लिचीच्या बागा होत्या, खाडीत कालवं वाढवण्याचा शेकडो वर्षांचा धंदा होता. नानतोऊ हे तटबंदीचं जुनं ठाणं होतं, आणि हाँगकाँगच्या कौलूनहून ग्वांगझौला जाणारी रेल्वे १९११पासून याच मुलखातून धावत होती.

त्या मुलखाचं खरं दुःख होतं सीमेचं. ओढ्यासारख्या नदीपलीकडे ब्रिटिशांचं हाँगकाँग. तिथली मजुरी अलीकडच्या कमाईच्या कित्येक पट. तरुण मुलं रात्री पोहून पलीकडे पळत. पळणाऱ्यांना बंदुकीने अडवण्यापेक्षा पलीकडचं काम अलीकडे आणावं, हा विचार गुआंगदोंग प्रांतातल्या पुढाऱ्यांनी मांडला आणि चीनचे नेते देंग झियाओपिंग यांनी तो उचलून धरला. १९७९मध्ये शेकोऊ या कोपऱ्यात पहिली औद्योगिक वसाहत सुरू झाली. २६ ऑगस्ट १९८० रोजी शेन्झेन विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने जन्माला आलं. क्षेत्रफळ ३२७.५ चौरस किलोमीटर. हाँगकाँगच्या व्यापाऱ्याने कच्चा माल, यंत्रं आणि नमुने द्यायचे, अलीकडच्या हातांनी माल तयार करून परत पाठवायचा, असा पहिला धंदा. खेळणी, कपडे, मग रेडिओ, मग संगणक, मग फोन.

२०२०च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर गेली. शहराचं आजचं क्षेत्र सुमारे २ हजार चौरस किलोमीटर. आपला जळगाव जिल्हा त्याच्या जवळजवळ सहापट मोठा आणि २०११मध्ये त्याची वस्ती ४२ लाखांच्या आसपास होती. यावरून तिथल्या दाटीची कल्पना यावी. २०१८मध्ये शेन्झेनच्या अर्थव्यवस्थेने हाँगकाँगलाही मागे टाकलं.

जमिनीचा पहिला लिलाव

या साऱ्याची किल्ली होती जमीन. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची आणि खेड्यातली जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. ती विकायला बंदी होती. शेन्झेनने हाँगकाँगकडून भाडेपट्ट्याची कल्पना उचलली आणि १ डिसेंबर १९८७ रोजी ८,५८८ चौरस मीटरच्या एका तुकड्याच्या वापराचा हक्क पन्नास वर्षांसाठी जाहीर लिलावाने विकला. बोली थांबली ५२ लाख ५० हजार युआनवर. तेव्हाच्या राज्यघटनेत हे बसतच नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये घटनाच दुरुस्त झाली. आज चीनमधली महापालिका जमिनीचे पट्टे विकून रस्ते आणि मेट्रो बांधते, त्या पद्धतीचं मूळ या लिलावात आहे.

पण विकायला जमीन हवी, तर आधी ती गावाकडून घ्यायला हवी. सरकारने शेतं घेतली. घरं घेतली नाहीत. शेताचा मोबदला देणं स्वस्त होतं. घरं घेतली तर माणसांचं पुनर्वसन करावं लागलं असतं, ते महाग आणि वेळखाऊ. म्हणून रस्ते आणि कारखाने शेतांवर आले आणि गावठाणं जिथल्या तिथे राहिली. पुढे १९९२मध्ये विशेष क्षेत्रातल्या आणि २००४मध्ये उरलेल्या भागातल्या गावकऱ्यांना कागदोपत्री ‘शहरवासी’ करण्यात आलं. गावाच्या सामूहिक संस्थेची भागधारक कंपनी झाली. आजही अशा कंपन्या गावाच्या वाट्याला आलेल्या इमारती भाड्याने देतात आणि मूळ गावकऱ्यांना दरवर्षी लाभांश वाटतात.

शेत गेलेल्या गावकऱ्याकडे उरला घराचा तुकडा. कारखान्यांत कामाला लाखो परप्रांतीय येत होते आणि त्यांना राहायला जागा नव्हती. गावकऱ्याने कौलारू घर पाडलं, तीन मजले चढवले, मग सहा, मग आठ. परवानगीची वाट पाहिली नाही. दोन इमारतींमध्ये इतकी कमी जागा राहिली की समोरासमोरच्या खिडक्यांतून शेजाऱ्यांना हात मिळवता यावेत. म्हणून त्यांना तिथे हस्तांदोलन इमारतीच म्हणतात. खाली दिवसाही दिवा लागतो, वर वायरींचं जाळं, तळमजल्यावर न्हावी, वाणी, नूडल्सची टपरी. शहरातले निम्म्याच्या आसपास लोक अशा वस्त्यांत राहत आले आहेत. डिलिव्हरीची मुलं, कारखान्यातल्या मुली आणि नुकताच पदवी घेऊन आलेला संगणक अभियंताही. शेन्झेनची स्वस्त मजुरी शक्य झाली ती या स्वस्त खोल्यांमुळे.

चार दिवसांत काय पाहाल

पहिला दिवस जुन्या शहराला द्यावा. लुओहू स्थानकाच्या जवळच युमिन हे गाव आहे. होड्यांवर जगणारी माणसं १९५०च्या दशकात इथे जमिनीवर स्थिरावली. सीमा खुली झाल्यावर त्यांनी मत्स्यतळी, वाहतूक आणि छोटे कारखाने काढले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे गाव श्रीमंतीसाठी देशभर गाजलं. १९८४मध्ये देंग स्वतः इथे येऊन गेले. गावकऱ्यांनी पुढे हस्तांदोलन इमारती पाडून २००४च्या सुमारास नीटनेटके बारा मजली ब्लॉक उभारले आणि भाड्याचा कारभार एकत्र ठेवला. तिथून थोड्या अंतरावर गुओमाओ ही १९८५ची त्रेपन्न मजली इमारत. ‘तीन दिवसांत एक मजला’ ही ‘शेन्झेनची गती’ तिच्यापासून म्हणीसारखी झाली. १९९२मध्ये वयाच्या ८७व्या वर्षी देंग तिच्या फिरत्या उपाहारगृहात आले होते.

जरा पश्चिमेला किंगकी १०० हा ४४२ मीटरचा मनोरा दिसतो. तो त्साईवूवेई या गावाच्या जागेवर आहे. २००७मध्ये इथे एका घरमालकाने घर सोडायला नकार दिला. सभोवार सगळं पाडलेलं आणि मध्ये एकटी इमारत, अशी ती छायाचित्रं चीनभर गाजली. शेवटी एक कोटी युआनहून अधिक मोबदला घेऊन त्याने जागा दिली आणि २०११मध्ये मनोरा पूर्ण झाला. मनोऱ्याखाली उभं राहून हे आठवलं की त्याची उंची वेगळी वाटते.

दुसरा दिवस हुआछ्यांगबेईचा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा हा बाजार म्हणजे इमारतीमागून इमारती आणि प्रत्येक मजल्यावर हातभर रुंदीची शेकडो दुकानं. एका ठिकाणी फक्त कॅमेऱ्याच्या भिंगांचा ढीग, शेजारी फक्त चार्जिंगच्या पिना, पलीकडे फक्त बॅटऱ्या. १९८८मध्ये सुरू झालेला सेग बाजार यातला सर्वांत जुन्यांपैकी. त्याचा मनोरा मे २०२१मध्ये वाऱ्याने अचानक डोलू लागला आणि माणसं रस्त्यावर धावली. माथ्यावरचे उंच खांब काढल्यावरच तो शांत झाला. खरेदी करायची तर किरकोळ वस्तूच घ्यावी. नामवंत कंपनीचा फोन ‘स्वस्तात’ मिळत असेल तर हात आखडता घ्यावा.

संध्याकाळी लिआनहुआ टेकडी चढावी. चढ सोपा आहे. माथ्यावर देंग यांचा चालता पुतळा आहे, २००० साली बसवलेला. खाली नागरी केंद्राचं पंखासारखं लांबलचक छप्पर आणि पलीकडे ५९९ मीटरचा पिंग आन मनोरा. ५४१ मीटर उंचीवरच्या सज्जात तिकीट काढून जाता येतं. आभाळ स्वच्छ असेल तरच जावं, नाही तर पैसे ढगात. नागरी केंद्रातल्या संग्रहालयात या मुलखाच्या जुन्या लोकजीवनाची दालनं आहेत. ती चुकवू नयेत.

तिसऱ्या दिवशी दोन गावं. सकाळी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावरचं दाफेन. १९८९मध्ये हाँगकाँगचा एक चित्रकार वीसेक सहकारी घेऊन इथे भाड्याने राहायला आला आणि परदेशी ग्राहकांसाठी गाजलेल्या तैलचित्रांच्या नकला रंगवू लागला. बघता बघता हजारो हात या कामाला लागले. युरोप-अमेरिकेतल्या हॉटेलांच्या भिंतींवरची कितीतरी सूर्यफुलं या गल्लीतली. आता मागणी बदलली आहे आणि बरेच जण स्वतःची चित्रंही रंगवतात. गल्लीत भिंतीला टेकवून वाळत ठेवलेले कॅनव्हास आणि शेजारी चहा पीत बसलेला चित्रकार, हे दृश्य पैसे न देता पाहता येतं.

दुपारी नानतोऊ. १,७०० वर्षांचा इतिहास सांगणारं हे ठाणं. जुनी वेस, मंदिरं आणि त्यांच्यावर चढलेल्या हस्तांदोलन इमारती. २०१७मध्ये शेन्झेन-हाँगकाँग वास्तुकला द्वैवार्षिकी इथे भरली आणि मग गावाची डागडुजी झाली. न पाडताही वस्ती सुधारता येते, याचा हा नमुना म्हणून दाखवतात. मुख्य रस्त्यावर आता कॉफीची दुकानं आली आहेत. पण दोन गल्ल्या आत शिरलं की जुनं गाव अजून भेटतं. ज्यांना ‘पाडलं तर काय’ हे पाहायचं आहे त्यांनी पहिल्या मार्गावरच्या बाइशिझोऊला उतरावं. तिथे दीड लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०१९मध्ये खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या गेल्या. मुलांच्या शाळा जवळ असलेल्या कुटुंबांची सर्वांत जास्त ओढाताण झाली. घरमालकांना नव्या मनोऱ्यांत सदनिका आणि मोबदला मिळाला. भाडेकरूंना पुढचं स्टेशन शोधावं लागलं.

चौथा दिवस हिरवळीचा. शियानहू वनस्पती उद्यानात झाडं, तळं आणि होंगफा हे बौद्ध मंदिर आहे. मुलं बरोबर असतील तर ‘जगाची खिडकी’ हे उद्यान आहे, तिथे आयफेल मनोरा आणि आपल्या ताजमहालाच्याही छोट्या प्रतिकृती आहेत. शहरभर फिरायला मेट्रो पुरते. भाडं दोन युआनपासून, म्हणजे साधारण पंचवीस रुपये. रस्त्यावर आल्यावर एक गोष्ट कानांना जाणवते. बसचा आवाजच येत नाही. २०१७ संपेपर्यंत शेन्झेनने आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या.

जाण्याआधी

जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मुंबईहून विमानाने हाँगकाँग आणि तिथून रेल्वेने शेन्झेन हा सोपा मार्ग. हाँगकाँगच्या वेस्ट कौलून स्थानकातून फुतिएनला वेगवान गाडी पंधरा मिनिटांत पोचवते. दोन्हीकडची तपासणी एकाच स्थानकात होते. हाँगकाँगसाठी भारतीयांना ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती मोफत आहे आणि तिच्यावर चौदा दिवसांपर्यंत राहता येतं. शेन्झेनसाठी मात्र चीनचा व्हिसा आधी काढावाच लागतो. काही देशांच्या प्रवाशांना मिळणारी दहा दिवसांची व्हिसामुक्त सवलत भारतीयांना नाही. दुसरा मार्ग ग्वांगझौचा. २०२०पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५मध्ये कोलकाता-ग्वांगझौ फेरीने पुन्हा सुरू झाली. ग्वांगझौहून शेन्झेन वेगवान रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर.

मराठी माणसाला हा किनारा नवा नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघालेलं पाच भारतीय डॉक्टरांचं पथक हाँगकाँगमार्गे त्याच महिन्यात ग्वांगझौला उतरलं होतं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. महिनाभरात ग्वांगझौ जपान्यांच्या हाती पडलं. कोटणीस उत्तरेला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारले. वयस्क चिनी माणसाशी बोलताना हे नाव घेऊन पाहावं.

रोख पैसे तिथे जवळजवळ कुणी वापरत नाही. अलीपे किंवा व्हीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून पैसे देता येतात, पण या दोन्ही ॲपवर भारतात बंदी असल्याने ती घरून उतरवता येत नाहीत. दोनशे युआनच्या आतल्या व्यवहाराला अलीपे जादा आकार लावत नाही. गुगल आणि व्हॉट्सॲप चिनी इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात. भाषांतराचं ॲप आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये ठेवावा. घड्याळ अडीच तास पुढे करावं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीचा, तेव्हाची गर्दी टाळावी. जून ते सप्टेंबर उकाडा आणि वादळं. दिवाळीच्या आगेमागे हवा सर्वांत चांगली.

खाण्याचं काय?

शाकाहारी माणसाची इथे परीक्षा असते. भाजीतही डुकराच्या हाडांचं पाणी किंवा कालवांचा सॉस असू शकतो. ‘मांस, मासे, अंडं आणि त्यांचा रस्साही नको’ असं चिनीत लिहून दाखवावं. बौद्ध शाकाहारी खानावळी हा उत्तम आधार. होंगफा मंदिराच्या आवारातही शाकाहारी जेवण मिळतं. आमच्या गावाकडच्या माणसाची नजर वांग्यावर जाणारच. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हिवाळ्यात शेतात काड्यांवर वांगी भाजून भरीत करणं हा असोद्यात सणच. चिनी वांगं लांब, निमुळतं आणि पातळ सालीचं. लसूण-मिरचीत परतलेली त्याची भाजी खान्देशी जिभेला मानवते. पण तीत बहुधा खिमा असतो, तो वगळायला सांगावं. भरीत घरी आल्यावरच.

आणि आपल्याकडे?

शेन्झेनची गोष्ट आपल्याला परकी वाटायला नको. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर जमीन घेऊन नवी मुंबई उभारायला निघाली. शेन्झेनचं मूळ क्षेत्र आणि हे, जवळजवळ सारखंच. तिथल्यासारखीच शेतं गेली आणि गावठाणं राहिली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र आलं. गावठाणाभोवती कुटुंब वाढलं तशी भाड्याच्या खोल्यांची घरं चढली. शेन्झेनमध्ये ज्यांना हस्तांदोलन इमारती म्हणतात त्यांना नवी मुंबईत ‘गरजेपोटीची घरं’ म्हणतात. ती कायम करण्याचा प्रश्न सरकारं बदलली तरी फिरून येतोच.

फरक दोन. शेन्झेनच्या गावांनी आपला वाटा एकत्र ठेवला, कंपनी केली आणि सामूहिक भाडं खाल्लं. आपल्याकडे साडेबारा टक्क्यांचे भूखंड पुष्कळांनी एकेकट्याने विकून टाकले. दुसरा फरक आपल्या बाजूचा. आपल्या शेतकऱ्याला सातबारा आहे, न्यायालय आहे, मोर्चा काढता येतो. तिथल्या भाडेकरूला तर मतही विचारलं गेलं नाही. तिथलं यश घ्यावं, तिथली घाई घेऊ नये.

असोदा जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. त्या सासरी जळगावला गेल्या तेव्हा मधे शेतंच होती. आता शिवारात भूखंडांचे दगड रोवले जात आहेत. शहर येणार, ते कुणी अडवू शकत नाही आणि अडवायचंही कारण नाही. प्रश्न एवढाच की ते येईल तेव्हा गाव एकत्र बसून बोलेल, की एकेक जण दलालाच्या गाडीत बसून तहसीलला जाईल. म्हणून ज्याला जमेल त्याने शेन्झेन पाहून यावं, मनोऱ्याबरोबर युमिन आणि बाइशिझोऊही पाहावं. ज्याला जमणार नाही त्याने निदान एवढं करावं : पुढचा विकास आराखडा जाहीर होऊन हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा तो नकाशा ग्रामसभेत उघडायला लावावा, आपला गट क्रमांक त्यात शोधावा आणि मुदत संपण्याआधी सगळ्या गावाने मिळून लेखी म्हणणं द्यावं.